भोंगा आणि पेनवाल्याची घडी

"पेन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी एक झटका द्यायचा, मन्सूर! शाई जागी होते!"

अब्बांचा हा आवाज लहानपणी कानात शिरला. अब्बा गेले, पण हुकूम माझ्या मनगटात राहिला.

मी दिग्रसचा पेनवाला. काळ्या एबोनाइटचा दांडा, सोन्याची निब! माझा पेन खिशाला नसेल, तर इथला कापसाचा व्यापारी स्वतःला व्यापारी म्हणवत नसे. मग कापसाचे भाव असे कोसळले, की शेठलोकांच्या खिशातही बॉलपेन आले. लोक म्हणाले, "मन्सूरभाई, खेळ संपला." मी म्हटलं, संपतो कसा? आता घडी करतो! खिशात ठेवायचं, चावीचं घड्याळ! ज्या हातानं लेथच्या यंत्रावर दांडे कातले, निबेला केसाएवढी चीर पाडली, त्याला चाकाचे दाते काय जड?

बायको खातूनबी तांदूळ निवडता निवडता गुणगुणली,

"पेनाच्या घरात बाई, घडी सवत आली,
रातंदिस बोलते, माह्यी बोली बंद झाली!"

दुकान तिच्या वडिलांचं, म्हणून तिच्याच नावावर. तिचा भाऊ अय्याज तिथं मोबाईलचं दुकान टाकायला टपलेला. "आपा, घडी फसली तं लेथ भंगारात, अन् दुकान मले! बोल!" खातूनबी महिनाभर ना हो म्हणाली, ना नाही.

घडी झाली. चिमणीच्या पिल्लाच्या छातीसारखी धडधडायची! कापसाच्या जिनिंग गिरणीचे मालक पुंडलिकराव सकाळीच न्यायला आले.

"आज भोंगा हिच्यावरच वाजवतो, मन्सूरभाई. बरोबर चालली तं साऱ्या सोयऱ्यायले तुह्यीच घडी!"

मी घडी उचलली, सवयीनं मनगटाचा एक झटका दिला आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

आता हे ऐका. दिग्रस सूर्यावर चालत नाही, जिनिंगच्या भोंग्यावर चालतं. त्या दिवशी सूर्य अजून डोक्यावर यायचा होता आणि जेवणाचा भोंगा झाला! शाळेनं घंटा दिली. हॉटेलवाल्यानं कच्चीच भजी कढईतून उपसले. पुसदची बस अर्धे प्रवासी खाली ठेवून सुटली, आणि कंडक्टर चहाच्या कपासकट तिच्यामागे धावला! संध्याकाळचा भोंगा तर भर उन्हात वाजला. मजूर हसत हसत घरी गेले. जाता जाता एक जण ओरडला, "चाचा, अशाच घड्या बनवत जा!"

मग माझ्या दारात मोर्चा. सगळ्यात पुढे शाळेच्या विमलताई.

"खिचडी चुलीवर शिजून राह्यली, अन् पोरं थाळ्या वाजवत उभी! काय करावं मी?"

"माह्यी पुरी पाळी आधीच घरी गेली!" पुंडलिकराव घामाघूम. "हे घडी हाये का पिसाळलेलं घोडं?"

मागे अय्याज टेप लावून भिंत मोजत होता!

मी स्टुलावर चढलो. "मागं तं नाई पडली न? पुढंच गेली! या तालुक्यात दुसरं काय पुढं जाऊन राह्यलं, सांगा!"

मी पुंडलिकरावांपुढं हात केला.

"घडी माह्यी, खोट माह्यी, दुरुस्तीबी माह्यीच! द्या इकडं!"

झाकण उघडलं. आतल्या केसासारख्या स्प्रिंगचे दोन वेढे एकमेकांना चिकटून बसले होते, जत्रेत भेटलेल्या बहिणींसारखे. स्प्रिंग आखडली, म्हणून चाक पळत सुटलं होतं. निबेची चीर साफ करायची सुई घेतली, श्वास रोखला आणि दोघींना अलगद सोडवलं. पिल्लू पुन्हा शांत धडधडू लागलं. सगळे कान देऊन उभे. अय्याजची टेपसुद्धा थांबली.

"पन हे झालं कायनं?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"ऊन! धूळ! तुमच्या जिनिंगचा कापूस!" मी ठणकावलं, आणि घडी द्यायला हात उचलला.

दुकानामागच्या पडद्याआडून खातूनबी धावत आली आणि तिनं माझं मनगट गच्च धरलं.

"अय्याज, टेप गुंडाळ! दुकान नाई भेटत तुले. ज्याले चार लोकांत खोट माह्यी म्हनता येते, त्याची लेथ हलनार नाई!" मग पुंडलिकरावांकडे वळली. "अन् भाऊ, घडी तुमी सोताच ह्यायच्या हातातून काढून घ्या. सकायपासून सांगू का नको करून राह्यली... ह्यायच्या अब्बांचा झटका पेनासाठी होता हो, घडीसाठी नाई!"