तोरूची फायनल आणि छपरावरचं ऊन

एसेनकुलने गाडीतलं बटण दाबलं. दिवा दोनदा मिचमिचला आणि विझला. उद्या दुपारी त्याचा तोरू घोडा कोक-बोरूच्या, म्हणजे घोड्यावरून बकऱ्याचं धड गोलात टाकायच्या खेळाच्या, अंतिम सामन्यात धावणार होता. तो टीव्हीवर बघायला त्याने अख्ख्या कुरणाला आवतण देऊन ठेवलं होतं आणि टीव्हीला वीज पुरवणारी बॅटरी साधा दिवाही पेलेना.

"बुरुल! फोन कुणी लावला होता चार्जिंगला?"

"कोण लावणार? सगळ्यांचे फोन तुम्हीच पिठाच्या डब्यात कोंडलेत. परवा भाकरीतून घंटी वाजते की काय, असं वाटलं मला," बायको तंबूतून म्हणाली.

दर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन वर येताना एसेनकुल आपली जुनी गोलमटोल व्हॅन घेऊन यायचा. आत दोन बाकं, शेगडी, टीव्ही. लोकरी नमद्याच्या तंबूशेजारी ती उभी राहिली की त्याला आपण मोठे जमीनदार झाल्यासारखं वाटे. यंदा तर भाच्याने, मिर्लानने, तिच्या छपरावर छोटं सोलर पॅनल बसवून दिलं होतं. पलीकडच्या उतारावर राहणाऱ्या सातारकडे जनरेटर होता. तो सुरू झाला की घोड्या बिथरायच्या आणि सातारची छाती फुगायची.

"सूर्य काय तुझ्या बापाचा गडी आहे, रोज बॅटरी भरून द्यायला?" सातार म्हणाला होता.

"निदान त्याला पेट्रोल पाजावं लागत नाही," एसेनकुलने टोला हाणला होता. आता हा टोला उलटून स्वतःच्याच टाळक्यात बसायची वेळ आली होती.

सुरुवातीला बॅटरी काठोकाठ भरायची. मग घोड्या-गाई भरभरून दूध देऊ लागल्या आणि का कोण जाणे, बॅटरी मात्र आटू लागली. एसेनकुलने तारा सोलल्या, पुन्हा जोडल्या. बॅटरीची टोकं चाकूने खरवडली. तीन वेळा व्हॅनचं तोंड फिरवलं. दर वेळी बुरुल एवढंच विचारायची, "छपरावर ऊन येतंय ना? मग बास." हिला विजेतलं कळायला लागलं, म्हणून त्याला बायकोचं कौतुक वाटलं.

मेंढ्या घेऊन निघताना आणि परत आल्यावर तो टेकाडावरून पॅनलकडे बघायचा. पॅनल आरशासारखं लख्ख.

"धुळीचा कणसुद्धा नाही गं त्याच्यावर!"

"असेल कसा? रोज सांजच्याला मीच पुसते," बुरुल म्हणाली. "तुमच्या वस्तूची काळजी दुसरं कोण घेणार?"

एसेनकुलला भरून आलं. पण बॅटरी काही भरली नाही.

तोरू त्याचा जीव होता. हिमवादळात जन्मलेलं ते शिंगरू त्याने स्वतःच्या कोटात गुंडाळून जगवलं होतं. या वसंतात मिर्लान म्हणाला, "मामा, घोडा आमच्या संघाला द्या, अख्खा देश बघेल त्याला." एसेनकुलने दिला आणि दोन दिवस जेवला नाही. सामन्याला जावं तर कळप कुणाच्या भरवशावर सोडायचा? टीव्हीवर का होईना, तोरूला धावताना बघायचं होतं. एवढी एकच गोष्ट त्याने या उन्हाळ्याकडे मागितली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे घोड्यांवरून आले. व्हॅनच्या मागच्या दारात टीव्ही मांडला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, कुमिसचे वाडगे फिरू लागले. सातार सर्वांत आधी येऊन सर्वांत पुढे बसला. एसेनकुल हरेकाच्या गळ्यात पडत होता आणि एक डोळा बॅटरीवर ठेवत होता.

बुरुलने कुरुतचं ताट पुढे केलं. दह्याचे ते खारट, टणक गोळे सातारने मूठभर उचलले. "वहिनी, यंदा एवढ्यात वाळलं? आमचं तर अजून लिबलिबीत आहे!"

"जागा बरी मिळाली," बुरुल लाजून म्हणाली.

सामना सुरू झाला आणि टीव्हीवर तोरू दिसला. "तो बघा! तो माझा!" एसेनकुल इतक्या जोरात ओरडला की बाहेरचे घोडेही टीव्हीकडे वळले. गोल बरोबरीत आले. शेवटची मिनिटं. मिर्लानने खाली वाकून बकऱ्याचं धड खोगिरावर ओढलं, तोरू गर्रकन वळला, गोलाकडे सुसाट निघाला...

आणि पडदा काळा झाला.

"सूर्य जेवायला गेला वाटतं," सातार म्हणाला. सगळे हसले. "जनरेटर आणू का?"

"मरेन, पण तुझा जनरेटर नको!"

पोट सांभाळत एसेनकुल व्हॅनच्या शिडीला लागला. तो अर्ध्यात अडकला तेव्हा सातारनेच खालून खांदा लावला. वर पॅनलवर पांढरं मलमल अंथरलं होतं. त्याने ते उचललं. या टोकापासून त्या टोकापर्यंत कुरुतच्या रांगा, मुंगीलाही ऊन मिळू नये इतक्या दाट.

"बुरुल! हे काय?"

"कुरुत. जरा हळू, पाय पडेल त्याच्यावर!"

"पॅनलवर?"

"मग कुठं घालू? कुत्री पोचत नाहीत, काच छान तापते, पाणीही निथळतं. मला वाटलं, त्याच्यासाठीच तिरकी बसवलीत!"

एसेनकुल हातानेच ते खाली ढकलणार होता, पण अन्न मातीत टाकायचं कसं? "टोप्या काढा!" तो ओरडला. कुरणातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी आपल्या उंच पांढऱ्या टोप्या उलट्या धरल्या. एसेनकुल वरून मुठी सोडत होता, खाली माणसं झेलत होती, बुरुल "ते ओलं वेगळं ठेवा!" म्हणून नाचत होती. काच मोकळी झाली. दुपारचं रणरणतं ऊन तिच्यावर पडलं आणि थोड्याच वेळात खालून एकच गलका उठला.

"लागला टीव्ही! अरे, जिंकले! तोरू जिंकला!"

"मला दिसत नाहीय!" एसेनकुल रडकुंडीला आला. "शिडी कुठंय?"

"शिडी राहू दे, वेळ जाईल. पालथा हो! मी आलो!" म्हणत सातार सरसर वर चढला. एसेनकुल छपरावर पालथा पडला. सातारने त्याचे पाय घट्ट धरले आणि त्याचं डोकं मागच्या दारासमोर लोंबकळलं. शेवटचा गोल पुन्हा पुन्हा दाखवत होते. तोरू वर पाय करून आकाशात धावत होता. उलटा का होईना, पण तोरूच तो! एसेनकुलच्या डोळ्यांतलं पाणी भुवयांवरून कपाळावर ओघळत होतं आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातार आला. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मग घसा खाकरून म्हणाला, "ते तुझं पॅनल... कुठं मिळतं रे?"

एसेनकुलची छाती तंबूएवढी झाली. "शेवटी आलास ना वळणावर! टाकणार ना तो जनरेटर?"

"जनरेटर कशाला टाकू? तो ठणठणीत आहे," सातार म्हणाला. "टोपीतून नेलेलं तुमचं कुरुत काल बायकोने खाल्लं. आता वाळवायला तसली काच आणल्याशिवाय मला घरात घेईना."