पारूला विचारलेला चष्मा

सुदर्शनला गाण्यासाठी फक्त आगगाडीचा आवाज हवा होता. त्याने आनंदराजला कळवलं, "मुदखेड स्टेशनवरचं रेकॉर्डिंग पाठव, लई गडबड हाय." आनंदराज तेव्हा नांदेडच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभा होता. दुसऱ्या हाताने त्याने जे पाठवलं, ते आगगाडीचं नव्हतं. त्याच्या वडिलांचं होतं.

वडील, निवृत्ती, रेल्वेत रूळ तपासणारे गँगमन होते. दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या आवाजातला एकच निरोप आनंदराजच्या फोनमध्ये उरला होता, तोही त्यांच्याकडून चुकून बटण दाबलं गेलं म्हणून. आनंदराजने तो आईला कधी ऐकवला नव्हता. हिंमतच झाली नव्हती.

सुदर्शनला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हातारा ओरडतोय, "पारू, माझा चष्मा कुठं हाय गं?" एवढं त्याला भारी वाटलं. पुढचं त्याने ऐकलंच नाही. तेवढं वाक्य कापून प्रत्येक कडव्याआधी लावलं आणि गाणं इंटरनेटवर टाकून मोकळा झाला.

'जंक्शन' या त्यांच्या तिघांच्या रॅप ग्रुपची आधीची चार गाणी मित्रांनीसुद्धा पूर्ण ऐकली नव्हती. हे पाचवं आठ दिवसांत पाच लाख लोकांनी ऐकलं. गाणं होतं रखडलेल्या नोकरभरतीवर. ग्रुपमधल्या तिसरीने, धम्मप्रियाने, त्यात जीव ओतला होता. पण लोकांच्या तोंडी एकच ओळ. लातूरच्या क्लासमधली पोरं फळ्यावरचं दिसेना की तेच ओरडू लागली. भोकरच्या एका लग्नात नवरदेवाने स्टेजवर नवरीला तेच विचारलं. तिचं नाव आरती होतं.

"अबे, माझा बाप हाय तो!" आनंदराज सुदर्शनवर ओरडला.

"मला वाटलं, तू मुद्दाम पाठवलास. काढून टाकू का?"

"थांब. आधी मायला सांगतो."

सांगतो सांगतो म्हणत त्याने आणखी चार दिवस घालवले.

पाचव्या दिवशी त्याची आई, पार्वतीबाई, मुदखेडच्या बाजारात वांगी निवडत होती. मागून एक ऑटो आला. "पारू, माझा चष्मा कुठं हाय गं?" हातातलं वांगं न ठेवता, मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "उशीखाली बघा की!"

बाजार हसला. वाईट मनाने नाही. हीच ती पारू, हे कुणाला माहीत? पण पार्वतीबाईच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. ती पिशवी तिथेच टाकून घरी आली आणि तिने आतून कडी घातली.

शेजारच्या धम्मप्रियाने फोन केला. "काकू दार उघडून नाही राहिल्या. तू लगेच ये."

संध्याकाळी आनंदराज सुदर्शनला घेऊन दारात उभा राहिला. "माय, चूक झाली. गाणं आत्ताच काढून टाकतो."

आतून पार्वतीबाईचा आवाज आला.

"त्यांचा आवाज तुझ्यापाशी होता. दोन वर्षं."

"हाव."

"आन् मला ऑटोतून ऐकावं लागलं."

धम्मप्रियाने दारावर हळूच थाप मारली. मग कडी निघाली.

"काढू नको गाणं," पार्वतीबाई म्हणाली. डोळे सुजले होते. "एवढंच बोलले का ते?"

"न्हाई. पुढं हाय."

"लाव."

आनंदराजने लावलं. "पारू, माझा चष्मा कुठं हाय गं? पारू!" मग भांडं पडल्याचा आवाज, खोकला. "हात्तिच्या! कपाळावरच हाय की." आणि मग अगदी हळू, "जाऊ दे, तिला सांगायचं न्हाई. लई बोलंल."

पार्वतीबाई खाली बसली.

"त्या दिवशी मी अंधार पडंपर्यंत घर पालथं घातलं," ती म्हणाली. "खाटंखाली सरपटले. गाद्या उन्हात टाकल्या. आन् ह्यांनी मलाच इच्चारलं, सापडला का म्हून!"

सुदर्शनने भीत भीत विचारलं, "काकू, हे पुढचंबी गाण्यात टाकू का?"

"न्हाई. हे आमच्या दोघांतलं हाय." तिने फोन मागून घेतला, पुन्हा कुठं दाबायचं ते नीट विचारून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. "आता तुम्ही जरा भाईर थांबा. मला ह्यांच्याशी बोलायचं हाय."

तिघं ओट्यावर बसून राहिले. आतून निवृत्तींचा आवाज पाच वेळा आला, आणि पाचही वेळा पार्वतीबाईने त्यांना पुरतं बोलू दिलं नाही.