डाव्या बाजूने इस्पितळात

मलाकीने घराच्या मधल्या खांबावर खिळा ठोकून एक मोठा कागद लावला होता, आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'एसेताला इस्पितळात नेणे'. खाली चौदा कलमं. पिकअपची चावी कुठे, कोण कुठे बसणार, कुठल्या वळणावर खड्डा. नववं कलम फक्त 'घाबरू नये' एवढंच होतं, आणि ते त्याने स्वतःसाठी लिहिलं होतं, हे आमच्या सगळ्या गावाला माहीत होतं.

एवढ्या बंदोबस्ताला कारणही तसंच होतं. पहिल्या खेपेला त्याच्या बायकोला, एसेताला, कळा सुरू झाल्या तेव्हा मलाकीचे काका फिलेमोनी म्हणाले, "घरची बस असताना चिंता कसली?" बस निघाली खरी, पण रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला टाकून पुढे जाणं काकांना जन्मात जमलं नव्हतं. प्रत्येक थांब्यावर माणसं चढली, एकमेकांच्या मांडीवर बसली, गाणी चालूच राहिली, आणि राजधानीला, आपियाला, जायचा डोंगर लागण्याआधीच थोरला योएलू मागच्या बाकाजवळ नारळांच्या पोत्यावर जन्माला आला. पुढे कित्येक वर्षं काका नव्या उतारूला ती जागा अभिमानाने दाखवत.

एसेता ते पोतं विसरली नव्हती. लग्नाआधी सहा वर्षं ऑकलंडला ती एका लाँड्रीची व्हॅन चालवायची. धुतलेल्या, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी पहाटे इस्पितळांत पोचवायच्या, हे तिचं काम.

"हजारो बायकांच्या खाटांसाठी चादरी पोचवल्या मी," ती म्हणाली. "एकदा तरी मला तसल्या चादरीवर झोपायचंय. नारळांवर नाही."

"या वेळी चादरच," मलाकीने शब्द दिला.

आणि तो शब्दाला जागणारा माणूस. सलग सहा शनिवार त्याने आपियाच्या इस्पितळापर्यंत रंगीत तालीम केली. एसेताच्या जागी अळकुड्यांचं पोतं बसवायचं, त्याला पट्टा बांधायचा आणि निघायचं. वळण आलं की तो पोत्याला विचारायचा, "बरं वाटतंय ना?" आम्ही सगळे रस्त्याकडेला बसून पोत्याला हात करायचो. काय दिवस होते ते! गावात करमणूक म्हणून दुसरं काही लागायचंच नाही. सहाव्या शनिवारी मलाकी छाती फुगवून म्हणाला, "आता डोळे मिटूनसुद्धा पोचवीन."

एकच घोळ होता. सप्टेंबरातल्या एका सोमवारी सकाळी सहा वाजता आमच्या बेटांच्या देशाने रस्त्याची बाजू बदलायचं ठरवलं होतं. तोवर आम्ही सगळे उजवीकडून गाड्या हाकायचो. चर्चच्या सहाच्या घंटेनंतर डावीकडून. मलाकीने बोटं मोजली. बाळंतपणाला त्यानंतरही दोन आठवडे अवकाश होता. त्याने कागदावर पंधरावं कलम घातलं, 'बाजू बदलणे (सवड मिळाल्यावर)'.

बाळाला मात्र सवड नव्हती. त्याच सोमवारी सकाळी साडेपाचला एसेता चटईवर उठून बसली आणि म्हणाली, "मलाकी, चादर."

मलाकी धावत खांबापाशी गेला. पहिलं कलम, चावी. चावी सापडली. दुसरं कलम वाचेपर्यंत रेडिओवरचा माणूस गरजला, "सहापर्यंत कुणीही गाडी हलवू नये! सर्व वाहनं आहेत तिथेच थांबवावीत!"

"अर्धा तास दम धर, पोरी," मलाकीची आई नाओमी म्हणाली. "सरकारचा हुकूम आहे."

"आई, ते बाळाला सांगा."

तेवढ्यात पाळकसाहेब प्रार्थनेला आले. त्यांनी एसेतासाठी प्रार्थना केली, मग बाळासाठी, मग रस्त्यासाठी, मग डाव्या बाजूसाठी, मग अजून उजव्या बाजूवर जीव असलेल्यांसाठी. 'आमेन' झालं तेव्हा तीन कळा येऊन गेल्या होत्या. नाओमीने रविवारची पांढरी टोपी चढवली आणि नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांचं पातेलं मांडीवर घेऊन ती मागच्या हौद्यात बसली, ड्रायव्हरकडे पाठ करून. शेजारी फिलेमोनीकाका. त्यांच्या बसचे दरवाजे आता भर रस्त्यात उघडणार म्हणून बस घरीच उभी होती, आणि काकांना करायला काही नव्हतं.

घंटा झाली. मलाकीने आठवण राहावी म्हणून डाव्या मनगटाला लाल फडकं बांधलं आणि गाडी काढली.

पहिला मैल ठीक गेला. मग पहिलं वळण आलं, आणि सहा शनिवारांची सवय त्याच्या हातात जागी झाली. गाडी आपसूक उजवीकडे गेली.

"डावीकडे!" काका ओरडले.

"डावीकडेच आहोत की!" नाओमी ओरडली. तिचं तोंड मागे होतं.

"वहिनी, तुमची डावी नको, गाडीची डावी!"

समोरून एक टॅक्सी आली. मलाकी डावीकडे वळला, तर टॅक्सीवालाही घाबरून त्याच अंगाला. मलाकी उजवीकडे, तोही तिकडेच. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून ब्रेक दाबले आणि दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून थांबल्या. पातेलं उलटलं. टॅक्सीवाला खिडकीतून म्हणाला, "माफ करा हं, आजच सुरुवात केलीय." मग मोठ्या शिताफीने मागे सरकून तो एका केळीच्या बागेत शिरला आणि तिथेच राहिला.

नववं कलम केव्हाच मोडलं होतं. "मला नाही जमणार," मलाकी रडवेला होऊन म्हणाला. "एसेता, मी शब्द दिला होता गं."

"भावोजी, तुम्ही चालवा!" नाओमी म्हणाली.

"मी? तीस वर्षं उजवीकडून चालवतोय. मला स्वप्नंसुद्धा उजवीकडची पडतात!"

"मग पोलीस येईपर्यंत थांबू या."

"पोलीस तरी कुठल्या बाजूने येणार?"

एसेताने एक कळ दातओठ खात सोसली, श्वास सोडला आणि शांतपणे म्हणाली, "मलाकी, उतर."

"काय?"

"उतर म्हणते ना. ऑकलंडला सहा वर्षं मी व्हॅन कुठल्या बाजूने चालवत होते, हे पंधरा कलमांत कुणाला विचारावंसं वाटलं का?"

मलाकी मुकाट्याने पोत्याच्या जागी जाऊन बसला. पट्टाही त्याने स्वतःच लावला.

मग त्या रस्त्याने असं काही पाहिलं, जे पुन्हा दिसलं नाही. एसेता डावीकडून सुरेख गाडी हाकत होती. कळ आली की दिवा दाखवायची, कडेला थांबायची, स्टिअरिंगवर कपाळ टेकून मोठमोठे श्वास घ्यायची आणि कळ ओसरली की आरसा बघून पुन्हा निघायची. एका वळणावर मलाकीकडे न पाहताच तिने विचारलं, "बरं वाटतंय ना?"

डोंगराखालच्या चौकात गोंधळलेल्या गाड्यांची ही लांबच लांब रांग. पोलिसाने एसेताला हात दाखवून थांबवलं. "बघा!" तो सगळ्यांना ओरडून म्हणाला. "या बाईंकडून शिका! दिवा दाखवला, बाजू सोडली नाही, चेहऱ्यावर केवढी एकाग्रता!"

"साहेब, ती एकाग्रता वेगळी आहे!" मलाकी ओरडला. पोलिसाने आत डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि शिट्टी वाजवत सगळी रांग बाजूला केली.

ती पिकअप आता चर्चमागे गंजून पडलीय, तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. फिलेमोनीकाकाही राहिले नाहीत, आणि त्यांच्या बसमधली गाणीही गेली.

त्या सकाळी मात्र एसेताने गाडी थेट इस्पितळाच्या दारात लावली. परिचारिकेने तिला खाटेवर घेतलं तेव्हा तिने आधी चादरीवरून हात फिरवला, मग कोपरा ओढून पाहिला. "नीट खोचलेला नाही," ती पुटपुटली, आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. पाऊण तासात मुलगी झाली.

बाहेर मलाकी, नाओमी आणि काका एका बाकावर बसले होते. नाओमी आणि काकांच्या कपड्यांना अळूचा वास येत होता. परिचारिका हसत बाहेर आली, मुलीची बातमी सांगितली आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ती लाल पिकअप कुणाची? भर दारात आहे. ड्रायव्हरला सांगा, लगेच हलवा."

काकांनी मलाकीकडे पाहिलं. मलाकीने आईकडे पाहिलं. नाओमीने टोपी नीट केली.

मलाकीने मनगटावरचं लाल फडकं सोडलं, डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, "थोडं थांबावं लागेल, सिस्टर. ड्रायव्हर आत झोपलीय. पांढऱ्या चादरीवर."