दहा-नऊचे आठ बोल्ट

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा आमचे शेजारी नामदेवभाऊ स्टेजच्या खाली होते. पडले नव्हते, स्वतःहून गेले होते. आम्हाला दिसत होते ते फक्त बाहेर राहिलेले दोन पाय आणि बॅटरीचा हलता उजेड. व्याह्यांनी मला हळूच विचारलं, "ते गृहस्थ तुमच्याकडचे का?" मी हो म्हणालो. इलाज नव्हता.

थोड्या वेळाने नामदेवभाऊ बाहेर आले, नव्या सदऱ्यावरची धूळ झटकली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, नवरदेवाच्या बाजूचे चारही बोल्ट आंधळे हायेत. फोटोले एका टायमाले सहाच्या वर मानसं चढवू नका."

मी चढवली नाहीत. व्याह्यांच्या दोन बहिणी त्यावरून अजून नाराज आहेत.

आंधळा बोल्ट म्हणजे ज्याच्या डोक्यावर आकडा नाही तो. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर त्याची ताकद उठवलेली असते: आठ-आठ, त्याहून भारी दहा-नऊ, त्याच्याही वर बारा-नऊ. मी अमरावतीत कॉलेजात मराठी शिकवतो, पण हे ज्ञान मला नामदेवभाऊंनी दिलं. "पह्यले डोकं वाचा," हे त्यांचं पालुपद. ते माणसांनाही लावतात. त्यांचा धाकटा भाऊ चार-सहा, म्हणजे क्यालेंडर टांगण्यापुरता. आमचे प्राचार्य साफ आंधळे. माझी बायको दहा-नऊ. आणि मी? "तुमी आठ-आठ, सर. वाईट नाई. घरगुती कामाले चालते."

नामदेवभाऊंच्या घरचा धंदा फुलांचा. गावाबाहेरच्या मळ्यात त्यांचा धाकटा भाऊ शेवंती आणि झेंडू लावतो, आणि त्याच मळ्याच्या मधोमध नामदेवभाऊंची पत्र्याची शेड. कोणाला जुन्या जीपला नवं इंजिन हवं असतं, कोणाला मागे संत्र्याच्या क्रेटसाठी लांब हौदा. नामदेवभाऊ हव्या तशा गाड्या बनवून देतात. गाडी बाहेर निघते तेव्हा टायरला पाकळ्या चिकटलेल्या असतात. वहिनी जाऊन सात वर्षं झाली, मुलगी बंगलोरला असते. स्वयंपाक स्वतःच करतात. बोल्ट किती आवळायचा हे त्यांना काट्यावर कळतं, मिठाचं मात्र अजून जमलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात कुंदाताई त्यांच्याकडे आल्या. मूळच्या हिवरखेडच्या, धारणीजवळच्या एका शाळेत शिक्षिका. लहानपणीच्या पोलिओने पाय गेलेले. जुनी गाडी घेतली होती, आणि ती हातांनी चालवायची परवानगीही सगळे कागद फिरवून आणली होती. त्यांना ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर हाताशी हवे होते, आणि सीट अशी हवी होती की ती दारातून बाहेर फिरेल आणि चाकाच्या खुर्चीवरून थेट तिच्यावर सरकता येईल.

"आता कशा जाता शाळेत?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"दोघं जण उचलून जीपमंदी ठेवतात. लय चांगले मानसं हायेत," कुंदाताई म्हणाल्या. "पण रोज रोज सामान होयाचा कंटाळा आला, भाऊ. दिवाळीनंतर शाळा उघडते, तवा मले स्वतः जायचं हाय."

नामदेवभाऊंनी टेप काढून त्यांच्या खुर्चीची उंची मोजली. मग म्हणाले, "होते. करून देतो."

दसऱ्यापर्यंत सगळं तयार झालं. हातातले ब्रेक तयार, फिरती सीटही तयार. अडलं ते बोल्टवर. सीट बाहेर फिरली की बसणाऱ्याचा सगळा भार आठ बोल्टवर यायचा. ते दहा मिलीमीटरचे, बारीक आट्यांचे आणि दहा-नऊच हवे होते. अमरावतीतल्या दुकानदाराने आठ-आठचे पुढे केले. "सेमच हाय भाऊ, कोन पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो नं," नामदेवभाऊ म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

मग मी मोबाईलवरून मागवून दिले. आले ते छान चकचकीत, डोक्यावर ठसठशीत दहा-नऊ. नामदेवभाऊंनी एक शिकंज्यात धरला आणि त्यावर कानस फिरवली. लोखंड साबणासारखं निघालं. दुसरा पान्याने ताणला, तर त्याची मान बारीक झाली. ते स्टुलावर बसून राहिले.

"सर, आंधळा परवडला," ते म्हणाले. "थो खोटं तं बोलत नाई."

शाळा सोमवारी उघडणार होती. गुरुवारी कुंदाताईंचा फोन आला. मी शेजारीच होतो. मी हळूच म्हटलं, तात्पुरते आठ-आठ लावून द्या, मागून बदलता येतील. नामदेवभाऊंनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी आठ-आठवरून थेट चार-सहावर आलो. "ताई," ते फोनमध्ये म्हणाले, "गाडी सोमवारच्या आत देतो, नाई तं देत नाई. आधी बोल्ट भेटू द्या."

शुक्रवारी सकाळी आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. बाजारात दुपारपर्यंत नऊ दुकानं झाली. दहावं एका अरुंद बोळात होतं. आत हबीबभाई नावाचे म्हातारे चष्मा कपाळावर चढवून बसले होते. नामदेवभाऊंनी माप सांगितलं. हबीबभाईंनी जागचं न हलता विचारलं, "कशाले पायजे?"

इतक्या दुकानांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला होता. नामदेवभाऊ खाली बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, सीट, दार, घाटाचा रस्ता, कुंदाताई. हबीबभाई उठले, मागे गेले आणि तेलकट कागदाची पुडी घेऊन आले. "हे मी हर कोणाले दाखवत नाई," ते म्हणाले. "लोक गेटले लावतात."

मग दोघे भिंगाखाली एकेक बोल्ट धरून त्याचं डोकं वाचू लागले. नामदेवभाऊंनी खिशातली कानस काढली आणि एका बोल्टच्या टोकावर फिरवली. कानस घसरली. पुन्हा फिरवली, पुन्हा घसरली. मोजले तर बरोबर आठ. मी इतकी वर्षं कविता शिकवतो आहे, पण वाचताना इतके सुखी चेहरे माझ्या वर्गात मी पाहिलेले नाहीत.

रविवारी कुंदाताई शेडमध्ये खुर्चीवरून सीटवर सरकल्या आणि सीट आत फिरली. मदतीला पुढे झालेला माझा हात त्यांनी नुसत्या मानेने नाकारला. मळ्याला दोन चकरा मारून त्या परत आल्या. आल्या आल्या हॉर्न तीनदा वाजवला.

त्यानंतर नामदेवभाऊ दर महिन्याला पान्याची पेटी घेऊन एसटीने धारणीला जाऊ लागले. "बोल्ट तपासा लागते," म्हणायचे. अमरावतीहून घाटातून सगळा दिवस मोडतो. मागच्या महिन्यात मीही गेलो.

कुंदाताईंनी भरीत-भाकरी केली होती. नामदेवभाऊ गाडीत वाकले. त्यांचा पाना असा, की बोल्ट हवा तितका घट्ट झाला की टक वाजतो. आठही बोल्ट हात लावताच टक वाजले. सूतभरही हलले नव्हते.

"ते कधीच ढिले होत नाईत," कुंदाताई मला हळूच म्हणाल्या. "भाऊंची चक्कर फुकट जाऊ नये म्हनून मीच आदल्या दिवशी नंबरप्लेटचा एक स्क्रू ढिला करून ठेवते. त्याईले सांगू नका."

तेवढ्यात गाडीच्या मागून नामदेवभाऊंचा आवाज आला. "पाहा ताई, मी आलो नसतो तं पाटी रस्त्यात पडली असती."

"खरं हाय भाऊ," कुंदाताई म्हणाल्या. "हात धुवा. भाकर थंडी होऊन राहिली."

परतीच्या एसटीत नामदेवभाऊ खिडकीशी बसले होते. घाट संपला. मग पेटी मांडीवर नीट ठेवून म्हणाले, "सर, नंबरप्लेटचा स्क्रू असा आपोआप ढिला होत नसते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "मग त्यांना काही बोलला नाहीत?"

"काय बोलू?" ते बाहेर पाहत म्हणाले. "मी येनार म्हनून थे दर महिन्याले आठवनीनं ढिला करते. आपल्यासाठी इतकं कोन करते, सर."