सात फुटांची खोली

दोन वर्षं घरात मोडून पडलेली छत्री बाई एका संध्याकाळी धडधाकट करून घेऊन आल्या, आणि साहेबांच्या पोटात दुखायला सुरुवात झाली.

"कुणी केली दुरुस्त?"

"छत्रीवाल्यानं. मी मोजतेय त्या इमारतीत खालीच दुकान आहे त्याचं. माझी टेप धरतो ना तो."

"मी करणारच होतो," साहेब म्हणाले.

"हो, दोन वर्षं ऐकतेय," बाई म्हणाल्या आणि छत्री उघडून तिच्या काड्या कौतुकानं बघत बसल्या.

साहेब वजनमापांच्या खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. एके काळी ते बाजारात शिरले, की दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ होत. बाई आराखडे काढणाऱ्या. सगळी नोकरी त्यांनी लोकांच्या मोऱ्या आणि संडास कागदावर उतरवण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर मात्र त्यांचं नशीब उघडलं. जुन्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्या समितीनं भर बाजारातली ती तीन मजली दगडी इमारत त्यांच्याकडे सोपवली. खाली ओळीनं सात दुकानं, वर जुन्या कचेऱ्या. तिचं इंच न् इंच मोजायचं, आराखडे काढायचे, इतिहास लिहायचा आणि त्याचं पुस्तक व्हायचं. पुस्तकावर नाव बाईंचं.

तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. "आज तिच्या कपाळावरची वेलबुट्टी मोजली हो," बाई चहा घेताना सांगत. "काय काय सोसलंय तिनं. एका विमा कंपनीनं तर तिचा जिना मधोमध कापला." साहेबांनी त्याच दिवसांत आपला गुडघा दुखत असल्याचं अनेकदा सांगून पाहिलं. बाई "हं" म्हणत. पण इमारतीच्या एका खांबाला तडा गेल्याचं दिसलं, तेव्हा बाईंना जेवण गेलं नाही.

तरी इमारत परवडली, ती दगडाची होती. छत्रीवाला हाडामांसाचा निघाला. साहेब एकदा सहज म्हणून बाजारात गेले आणि समोरच्या फुटपाथवरून त्याला बघून आले. उंच, ताठ, विधुर, आणि डोक्यावर दाट पांढरे केस. साहेबांचे केस साहेबांच्या आधीच निवृत्त झाले होते. छत्रीवाला टेपचं टोक भिंतीला लावून एका गुडघ्यावर बसला होता आणि बाई दुसऱ्या टोकाकडून काहीतरी म्हणत हसत होत्या. घरात त्या तशा शेवटच्या कधी हसल्या होत्या, ते साहेबांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाईंच्या आधी चपला घालून दारात उभे होते.

"तुम्ही कुठं?"

"टेप धरायला. घरचं माणूस असताना बाहेरच्याला कशाला त्रास?"

इमारतीचा दर्शनी भाग तोवर मोजून झाला होता, आता दुकानं आतून मोजायची होती. छत्रीवाल्यानं टेप साहेबांच्या हातात अगदी अदबीनं दिली. बाईंची ती जुनी कापडी टेप होती, चामड्याच्या गोल डबीतली, नोकरीभर वापरलेली.

"साहेब, ही टेप जरा म्हातारी झालीय," छत्रीवाला म्हणाला. "हिचं असं आहे, की धरताना..."

"मी वजनमापात होतो," साहेब म्हणाले.

"हो, ते बाईंनी सांगितलंय. पण हिचं टोक..."

"लोकांच्या टेपा तपासून मी जप्त केल्यात. तुम्ही आपलं दुकान बघा. गिऱ्हाईक ताटकळलं असेल."

छत्रीवाल्यानं दुकानाकडे पाहिलं. तिथं चिटपाखरू नव्हतं. पण तो गेला.

मग साती दुकानं मोजून झाली. साहेब टेपच्या टोकाची पितळी कडी भिंतीला चिकटवत. पलीकडून बाई विचारत, "धरलंत?" साहेब म्हणत, "धरलं." बाई आकडा वाचत, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत आणि कागदावर लिहीत. साहेबांना वाटे, ही इमारतीशी बोलतेय. ते तेवढंही त्यांना खुपे, पण छत्रीवाला आपल्या दुकानात एकटा बसलेला दिसे आणि बरं वाटे.

आठवड्याभरानं बाई घरी आराखडा काढत बसल्या होत्या. दोन्ही कडांकडून एकेक दुकान मांडत त्या मध्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. सगळी दुकानं मांडून झाली, भिंतींच्या जाड्या मांडून झाल्या, आणि मध्ये सात फूट उरले. चष्म्यांचं दुकान आणि बॅगांचं दुकान यांच्यामध्ये कागदावर मोकळी जागा होती. तिला दार नाही, खिडकी नाही.

बाईंनी बेरीज पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हिच्या पोटात एक खोली आहे. बुजवलेली."

साहेब उठून आले. बाईंचे डोळे असे चमकत होते, की साहेब आराखड्याऐवजी डोळ्यांकडेच बघत राहिले.

"तुम्ही टेप धरायला लागलात आणि हे सापडलं," बाई म्हणाल्या. "तुमचा हात लागला बरं का." त्या उठल्या, त्यांनी साहेबांना गुडघ्याला लावायला तेल आणून दिलं, आणि कोणता गुडघा तेही त्यांना बरोबर आठवलं.

बाईंनी समितीला कळवलं आणि खात्री करायला चष्मेवाल्याच्या भिंतीवर टिचकी मारून पाहिली. भिंत पोकळ वाजली. ती पोकळ वाजणारच होती, कारण चष्मेवाल्यानं भिंतीवर प्लायवूड ठोकलं होतं. पण आता प्लायवूडचा विचार कोण करतो. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला खोलीची खबर लागली. विमा कंपनीनं पळून जाताना तिथं तिजोरी ठेवली, असं पहिल्या मजल्यावर ठरलं. दुसऱ्या मजल्यानं तिथं विमा कंपनीचा मॅनेजरच ठेवला. एका वर्तमानपत्रानं इमारतीसमोर उभ्या असलेल्या बाईंचा फोटो छापला. तो कापून साहेबांनी खिशात ठेवला आणि ओळखीच्या माणसांना उगाच रस्त्यात थांबवून दाखवला. टेप मीच धरली होती, हेही सांगितलं.

चष्मेवाला आणि बॅगवाला यांचं आधीपासून बोलणं नव्हतं. आता ते बाईंमार्फत भांडू लागले.

"बाई, खोली माझ्या भिंतीला लागून आहे," चष्मेवाला म्हणाला.

"त्याला सांगा, भिंतीला दुसरी बाजू असते," बॅगवाला म्हणाला.

"त्याला सांगा, दुसऱ्या बाजूला नुसत्या बॅगा आहेत. मला जागेची गरज आहे."

"त्याला सांगा, त्याच्याकडे गिऱ्हाईक किती येतं ते मी रोज बघतो."

शेवटी समितीनं फर्मान काढलं, की सोमवारी समितीसमोर भिंत उघडायची, तोवर कोणी हात लावायचा नाही.

शनिवारी साहेब मोठ्या दिलानं छत्रीवाल्याच्या दुकानासमोर थांबले. जिंकलेल्या माणसाला थोडं उदार होता येतं. छत्रीवाल्यानं स्टूल पुसून पुढं केलं.

"अभिनंदन, साहेब. मी इतके दिवस धरत होतो, पण मला नाही सापडली खोली."

"सराव लागतो," साहेब म्हणाले.

"पहिला फूट सोडूनच धरत होतात ना?"

"म्हणजे काय," साहेब म्हणाले. आणि मग, जरा वेळानं, "कसला फूट?"

"टेपचा पहिला फूट हो. विरलाय तो, ओढला की ताणतो. म्हणून बाई एकाच्या खुणेवर धरायला लावतात, आणि वाचलेल्या आकड्यातून एक वजा करतात. मी तेच सांगत होतो त्या दिवशी."

साहेबांनी बोटांवर हिशेब केला. बाईंचं ते पुटपुटणं इमारतीशी नव्हतं, ती वजाबाकी होती. साहेबांनी कडीपासून धरलं, बाईंनी सवयीनं एक वजा केला. प्रत्येक दुकान कागदावर एक फूट आखडलं. दुकानं सात.

"तुम्ही एकाच्या खुणेवरच धरत होतात ना, साहेब?" छत्रीवाल्यानं काळजीनं विचारलं.

त्या दाट पांढऱ्या केसांकडे बघत साहेब म्हणाले, "अर्थात."

घरी जाताना त्यांनी ठरवलं, की पायरी चढताच सांगून टाकायचं. पण बाईंनी दार उघडलं ते हसत. सोमवारी समितीसमोर काय बोलायचं ते त्या आरशासमोर म्हणून बघत होत्या. "माझे पती," त्यांनी म्हणून दाखवलं, "ज्यांच्या अचूक मापांमुळे ही खोली सापडली." साहेबांनी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. खरं सांगायचं म्हणजे चूक कबूल करायला त्यांची फारशी ना नव्हती. पण त्यानंतर बाई म्हणाल्या असत्या, की छत्रीवाला नीट धरत होता. ते एक वाक्य त्यांना झेपणारं नव्हतं. त्यापेक्षा भिंत पडलेली चालेल.

रविवारी सकाळी फोन वाजला. चष्मेवाला होता आणि त्याचा आवाज कापत होता.

"बाई, रागावू नका. मी जरासं, अगदी जरासंच, भिंत उकरत होतो. शटर लावून. पण बाई, खोलीत कोणीतरी आहे. आतून ठोकतंय."

बाई काही बोलायच्या आत त्यानं फोन ठेवला. तो ठेवताच परत वाजला. बॅगवाला.

"बाई, त्या चष्म्याला सांगू नका, पण मी गवंडी आणला होता. तो पळाला. भिंतीतून आवाज येतोय. आम्ही थांबलो की तोही थांबतो. जाणता दिसतोय."

बाईंनी पिशवीत आराखडा आणि टेप कोंबली आणि साहेबांना ओढतच बाजारात नेलं. गलका ऐकून छत्रीवालाही आला. चष्मेवाल्याच्या दुकानात अर्धी इमारत जमली होती. प्लायवूड उखडलेलं होतं आणि भिंतीत हातभर खोल खड्डा होता. सगळे श्वास रोखून ऐकत होते. आतून ठोकल्याचा आवाज आला. ठक. मग थोडं थांबून, ठक.

"हवा तरी जाऊ द्या बिचाऱ्याला," मागून कोणीतरी म्हणालं.

चष्मेवाल्यानं धीर करून पहार उचलली आणि मारली. शेवटची वीट पलीकडे पडली. धूळ उडाली, खाली बसली, आणि भोकात एक चेहरा दिसला. पांढराफटक, भुवयांवर चुना, तोंड वासलेलं. कोणीतरी किंचाळलं. चेहराही किंचाळला.

"हा तर बॅगवाला," छत्रीवाला म्हणाला.

चष्मेवाला आणि बॅगवाला भोकातून एकमेकांकडे बघत राहिले. इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"खोली कुठाय?" बॅगवाल्यानं विचारलं. तो पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलत होता.

बाईंनी भोकाकडे पाहिलं. आराखड्याकडे पाहिलं. मग पिशवीतून टेप काढली आणि साहेबांसमोर धरली.

"धरून दाखवा."

साहेबांनी कडी धरली. बाईंचा चेहरा पडला. तेवढ्यात छत्रीवाला पुढे झाला.

"बाई, चूक माझी आहे. मी साहेबांना नीट सांगायला हवं होतं. राहूनच गेलं."

बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती साहेबांना बघवली नाही. छत्री यानं दुरुस्त केली, टेप यानं नीट धरली, आणि आता स्वतःची म्हणावी अशी एक चूक उरली होती तर तीही हा घेऊन चालला.

"तुमची चूक कशी?" साहेब गरजले. "टेप कोणाच्या हातात होती?"

"तरी सांगायचं काम माझं होतं, साहेब."

"तुम्ही सांगत होतात. मीच तुम्हाला बोलू दिलं नाही. सगळ्यांनी ऐका, यानं सांगितलं होतं."

"पण मी पुन्हा विचारायला..."

"विचारलं होतंत तुम्ही. काल. आणि मी खोटं बोललो. यात तुमचा काडीचा वाटा नाही."

"थोडी तरी माझी..."

"जरासुद्धा नाही."



"म्हणजे," बाई म्हणाल्या, "कालपासून तुम्हाला ठाऊक होतं."

साहेबांच्या लक्षात आलं, की भांडण आपण पूर्णपणे जिंकलेलं आहे.

 बाईंनी समितीला फोन करून मापात चूक झाल्याचं कळवलं, मुदत मागून घेतली आणि शिक्षा सुनावली. साती दुकानं पुन्हा मोजायची. बाई घरी बसून नवे आराखडे काढणार. मोजायला साहेब आणि छत्रीवाला. एकानं धरायचं, दुसऱ्यानं वाचायचं, आणि रोज संध्याकाळी फक्त आकडे आणून द्यायचे.

पहिल्या दिवशी साहेब घरी आले ते तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी साधारण बरे होते. त्यानंतर त्यांना उशीर होऊ लागला. शेवटचं दुकान उरलं होतं त्या संध्याकाळी ते जिन्यातूनच हसत आले.

"काय झालं हसायला?" बाईंनी आराखड्यावरून मान वर केली.

"काही नाही. तिथली गंमत आहे. त्या दोघांनी भोक बुजवलंच नाही. आता त्यातून चहाचे कप इकडून तिकडे जातात. आज बॅगवाल्यानं... जाऊ दे, तिथं असायला हवं होतंस." साहेबांनी आकड्यांचा कागद पुढे केला. "आणि बरं का, तिच्या मागच्या भिंतीत एक जुनी कमान आहे. चुन्याखाली. छत्रीवाला म्हणाला, उद्या सकाळच्या उन्हात चांगली दिसेल. आम्ही लवकर जाणार आहोत."

"माझ्या इमारतीत कमान आहे, आणि मला आत्ता सांगताय?"

"आकडेच आणायला सांगितले होतेस."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "उद्या मी येते."

"उन्हाची कशाला?"

"मी आले तर काय बिघडेल?"

साहेबांनी सावकाश चपला काढल्या, त्या नीट जोडून ठेवल्या.

"बिघडणार काही नाही," ते म्हणाले. "पण टेपला टोकं दोनच असतात."