हिंगाची डबी आणि दिंडोरीचे पाहुणे

आज काही झालं तरी पोटातून आवाज येऊ द्यायचा नाही, असं रंगनाथरावांनी सकाळीच ठरवलं. ठराव साधाच होता, पण पोट त्यांचं होतं. मागच्या खेपेला तेजलला बघायला पाहुणे आले आणि मुलाचे वडील घराण्याची थोरवी सांगत असताना रंगनाथरावांनी असा काही ढेकर दिला, की ते स्थळ पुन्हा फिरकलंच नाही. आज दिंडोरीचा जीवन येणार होता. तेजलला तो फोटोतच आवडला होता. "बाबा, आज तेवढं पोट सांभाळा," तिने हात जोडून सांगितलं होतं.

आणि नेमकी आदल्या संध्याकाळी द्वारका चौकातल्या गाडीवर भजी झाली होती. (दोन प्लेट. घरी एकच सांगितली.)

वातावर हिंग रामबाण, हे त्यांना आईपासून ठाऊक. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं, की चिमूटभर हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचा. बाळाला चिमूट, तर आजोबा व्हायच्या वयाच्या माणसाला किती? रंगनाथराव ऑफिसातही हिशोबाचे पक्के. अख्खी डबी पोटावर थापून, वर पांढरा शर्ट चढवून ते पाहुण्यांसमोर जाऊन बसले.

पोट खरंच गप्प बसलं. पोहे झाले, चहा झाला, मुलामुलीचं गच्चीवर बोलणंही झालं. आता पाहुण्यांनी निघायचं. पण मुलाचे वडील गोटीराम उठायचं नाव घेईनात. नाक वर करून म्हणाले, "आमटी लय झकास दिसती, रंगनाथराव!"

"आमटी?"

"येवढी फोडणी घातलीच हाय, तर नाय कशाला म्हणू? बसतो जेवायला."

रंगनाथराव चक्रावले. आपण आग्रह कधी केला? ते स्वयंपाकघरात बायकोकडे धावले.

"अगं, आमटी केलीस?"

"मी? गॅस केव्हाच बंद केलाय!" सिंधुबाई हुंगत म्हणाल्या. "पण हा वास आत्ता कुठून आला?"

"शेजारून असेल."

ते बाहेर आले. "आता हिकडं आला बघा वास!" गोटीराम खूश. रंगनाथरावांना काही कळेना. (सकाळपासून नाक हिंगातच मुरलं होतं, त्यांना वास येणार कुठून?)

पाहुणे उपाशी कसे पाठवायचे? सिंधुबाईंनी घाईघाईत कुकर लावला. फोडणीच्या वेळी आतून हाक आली, "अहो, हिंगाची डबी रिकामी कशी?" तेव्हा कुठे रंगनाथरावांच्या डोक्यात उजेड पडला, आणि ते मुकाट्याने ताटं मांडायला लागले.

पंगत बसली. जीवनच्या आई धोंडाबाई पहिल्याच घासाला थांबल्या.

"आमटीत हिंगच नाय!"

धोंडाबाईंनी आमटी हुंगली, मग हवा हुंगली. मग त्यांची नजर रंगनाथरावांच्या शर्टावरच्या पिवळट गोल डागावर येऊन थांबली. लेकरं-नातवंडं वाढवलेली बाई ती. गेलं हेही स्थळ! पोरीकडे बघायचा रंगनाथरावांना धीर होईना.

धोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे जरा हलले.

"अहो व्याही," त्या म्हणाल्या, "जरा आमटीजवळ सरकून बसता का?"

तेजल लाजून आत पळाली. रंगनाथराव सरकले.