सोसायटीचा भोपळा

"रविवारी जितेश येतोय, बायको आणि मुलांना घेऊन," मीराताई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "जेवायला भाजी तुमच्या वाडीतली हवी. सगळ्यांना पोटभर. नाही जमलं, तर सोमवारी तो तुकडा आलोशियसभाऊंना परत करायचा."

मेव्हण्याचं नाव ऐकूनही दिनानाथरावांनी वरणभात कालवणं थांबवलं नाही. "जमलं असं समज," ते म्हणाले.

"मागच्या खेपेला मेथी आणलीत, ती निवडल्यावर चिमूटभर उरली. दर रविवारी घर टाकून जाता, आणि येताना घेऊन काय येता? चिखल."

"मीरा, या वेळी असं काही आणतो की तुझ्या पातेल्यात मावणार नाही."

दिनानाथरावांचा हा स्वभावच. छत्री विसरली तरी 'आज पाऊस पडणारच नव्हता' असं ठासून सांगणारा माणूस. पण आतून ते हलले होते. सांडोर गावातला तो जमिनीचा तुकडा जाणं म्हणजे त्यांचा श्वास कोंडण्यासारखं होतं. कित्येक वर्षं त्यांनी वसईतल्या आपल्या सोसायटीचं सेक्रेटरीपद वाहिलं होतं. लिफ्ट बंद, टाकी रिकामी, वरच्याचं बाथरूम खालच्याच्या छतातून गळतंय, याच्या गाडीपुढे त्याची गाडी. आणि यातलं प्रत्येक दुखणं त्यांच्या दारात. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि आलोशियसभाऊंच्या वाडीतला, केळीच्या कडेचा एक तुकडा वर्षाच्या भाड्याने घेतला. तिथे बेल नव्हती. कुणी "एक मिनिट, काका" म्हणत नव्हतं. आळ्यात पाणी सोडलं की ते गुपचूप जिरायचं, त्यावर कुणाची हरकत नसायची. दिनानाथरावांना वाटायचं, आपण याच्यासाठीच जन्माला आलो.

भाजी उगवत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

आलोशियसभाऊ वसईच्या कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त होऊन वाडी बघत होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दिनानाथराव, शेणखत घाला हो. मी मागवून देतो."

"छे छे. आमच्या बिल्डिंगचं खत आहे ना. ओल्या कचऱ्याचे ड्रम मीच सुरू केलेत. एक नंबर खत."

खत एक नंबर होतं, पण घाई दोन नंबरची. ड्रममधलं पुरतं कुजायच्या आतच दिनानाथरावांनी ते पिशव्या भरभरून स्कूटरवरून सांडोरला नेलं आणि वाफ्यांत पसरलं. वर पेरलं काय, तर ऑनलाइन मागवलेली ब्रोकोली, लेट्यूस आणि पाकिटावर सोनेरी चित्र असलेलं जपानी खरबूज. ब्रोकोली गोगलगायींनी खाल्ली. लेट्यूस उन्हाने खाल्लं. खरबुजाच्या जागी मात्र एक जाडजूड वेल आला आणि बघता बघता सगळा वाफा बळकावून बसला.

"हा लाल भोपळा दिसतोय," आलोशियसभाऊ म्हणाले.

"जपानी खरबूज लहानपणी असंच दिसतं," दिनानाथराव म्हणाले. त्यांनी आयुष्यात जपानी खरबूज लहान किंवा मोठं कधीच पाहिलं नव्हतं.

फळ फुगलं, त्याला कंगोरे पडले, अंगावर तांबूस रंग चढला आणि शेवटी ते इतकं मोठं झालं की दिनानाथरावांच्या दोन्ही हातांत मावेना. तेव्हा ते म्हणाले, "भोपळाच आहे. मला पहिल्यापासून शंका होती." आलोशियसभाऊंनी मान डोलावली. कोर्टात इतकी वर्षं काढलेला माणूस असल्या जबान्यांना हसत नाही.

तर भरवसा होता तो या भोपळ्याचा. शुक्रवारी संध्याकाळी दिनानाथरावांनी भोपळ्याशेजारी उकिडवं बसून फोटो काढून घेतला आणि घरी आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आपल्या वाडीतला.' चौथ्या मजल्यावरच्या, अगदी शेजारच्या संपदाने लगेच विचारलं, 'काका, बी कुठून आणलंत?' इथे गप्प बसायचं सोडून दिनानाथरावांनी छाती काढली. लिहिलं, 'बी पेरलंच नाही. नुसतं बिल्डिंगचं खत घातलं, आणि ही कमाल.'

पाच मिनिटांत संपदा दारात. "काका, तो भोपळा आमचा आहे."

"तुमचा म्हणजे?"

"दिवाळीच्या आधी मी भोपळ्याची भाजी केली होती. असाच होता, लालबुंद, कंगोऱ्यांचा. बिया मी स्वतः ड्रममध्ये टाकल्या. आता आमचं लेकरू दुसरीकडे वाढलं म्हणून दुसऱ्याचं होतं का?"

"अगं, पाणी कुणी घातलं त्याला?"

"ते उपकार आहेतच तुमचे," संपदा म्हणाली. तिच्या मागोमाग नवे सेक्रेटरी रमेश जिना चढून आले. लिफ्ट बंद होती.

"संपदाताई, एक मिनिट," ते धापा टाकत म्हणाले. "भोपळा काय फक्त तुम्हीच आणता? त्या महिन्यात आमच्याकडे सांबार झालं होतं. ड्रममध्ये गेल्यावर कुणाची बी कुठली, कोण सांगणार? आणि खत सोसायटीचं. सोसायटीच्या खतातून आलेलं ते सोसायटीचं. दिनानाथकाका, ड्रममधल्या खताची मालकी सोसायटीची, असा ठराव तुम्हीच सेक्रेटरी असताना पास करून घेतलाय."

ते खरं होतं. माळ्याने खत परस्पर पळवू नये म्हणून दिनानाथरावांनी तो ठराव मोठ्या अभिमानाने लिहिला होता. आता तो त्यांच्याच गळ्यात आला. "आयत्या बिळावर नागोबा," असं ते पुटपुटले, पण रमेश जिन्यातून खाली उतरून गेल्यावर.

त्यांनी ठरवलं, उद्या सकाळी लवकर जायचं, भोपळा उतरवायचा आणि कुणाची झोप मोडायच्या आत थेट मीराच्या ओट्यावर ठेवायचा. एकदा फोडणीत पडला की मग बसा म्हणावं ठराव करत.

शनिवारी ते सांडोरला पोहोचले तर वाडीच्या तोंडाशी ओळीने रिक्षा उभ्या. आत निम्मी सोसायटी. कुणी केळीच्या घडाला मिठी मारून फोटो काढत होतं, कुणाची मुलं पाटाच्या पाण्यात उभी होती, आणि भोपळ्याभोवती एवढी गर्दी, की त्याचा देठही दिसत नव्हता. आलोशियसभाऊ एका बाजूला उभे होते. त्यांच्या बनियनवर कुणाचा तरी चिखलाचा पंजा उठला होता.

"दिनानाथराव, ही कोण मंडळी?"

"दावेदार आहेत."

"इतकी वर्षं कोर्टात गेली माझी," आलोशियसभाऊ म्हणाले, "भावाभावांत विहिरी वाटलेल्या बघितल्या, बांध वाटलेले बघितले. भोपळ्याचा दावा पहिल्यांदा बघतोय. तडजोड करून टाका हो. माझी अळूची पानं तुडवतायत."

तडजोड रमेशनी करूनच आणली होती. सगळ्या फ्लॅटना सारखा वाटा. दिनानाथरावांनी एकदा सांगून पाहिलं की उद्या पाहुणे आहेत, सगळा भोपळा मला लागेल, बदल्यात पुढच्या महिन्यात सगळ्यांना वांगी देतो. "कुठली वांगी?" संपदाने विचारलं. वाफ्यात वांग्याचं एक रोप होतं, तेही मान टाकलेलं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विषय संपला.

भोपळा तिथेच कापला गेला. कोयता आलोशियसभाऊंचा, मोजमाप रमेशचं. फळ अप्रतिम निघालं, आत केशरासारखा रंग, आणि ते बघून दिनानाथरावांना खरोखर भरून आलं. आयुष्यात आपल्या हाताखाली एक गोष्ट नीट वाढली, आणि ती डोळ्यांदेखत पिशव्या-पिशव्यांतून निघून गेली. त्यांच्या वाट्याला एक फोड आली. कमिटीने मेहनतीची म्हणून त्यावर बोटभर जास्त दिली.

मीराताईंनी ती फोड हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही भाजी आहे की प्रसाद?"

"वाटप झालं," दिनानाथराव म्हणाले.

"मग उद्या बाजारातून फ्लॉवर आणा. आणि परवा आलोशियसभाऊंकडे जाऊन या." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून दिनानाथरावांना जास्त लागलं. रात्री त्यांना जेवण गेलं नाही. हे बघून मीराताईंनाही वाईट वाटलं, पण बोललेलं मागे घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सकाळी दूध घेताना त्यांनी संपदाला सहज सांगितलं, "यांची वाडी उद्यापासून बंद." का, तेही सांगितलं. संपदा दार लावून आत गेली.

रविवारी जितेश सहकुटुंब आला. ताटं मांडली. मीराताईंनी फ्लॉवरचं पातेलं उघडलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात संपदा, हातात डबा. "घारगे आहेत, काकू. काकांच्या भोपळ्याचे."

'काकांच्या' हा शब्द ऐकून दिनानाथराव पाटावरून उठले.

पुन्हा बेल. भरीत आलं. मग भोपळ्याचं रायतं आलं, मग सुकी भाजी, मग चिंचगुळाची रसभाजी. तळमजल्यावरून वड्या आल्या. एकाने नुसत्या बिया भाजून, मीठ लावून पाठवल्या. संपदाने ग्रुपवर काय लिहिलं होतं कुणास ठाऊक, पण अख्ख्या बिल्डिंगला आपल्या वाट्याची फोड घशाखाली उतरेना. ज्याने त्याने ती शिजवली आणि वाटीभर परत पाठवली. ओट्यावर जागा उरली नाही. फ्लॉवरचं पातेलं वॉशिंग मशीनवर गेलं.

"भावोजी," तिसरा घारगा मोडत जितेश म्हणाला, "हे सगळं तुमच्या वाडीतलं?"

"सगळं," दिनानाथराव म्हणाले. त्यांचा आवाज पूर्ववत झाला होता. "जपानी पद्धतीने वाढवलंय."

मीराताईंनी सगळ्या वाट्यांवरून नजर फिरवली. बाई हिशोबाला पक्की आणि न्यायाला त्याहून पक्की. "भाजी वाडीतली आहे. सगळे पोटभर जेवले," त्या म्हणाल्या. "ठेवा तुमचा तुकडा." आणि त्यांच्या ताटात स्वतःहून आणखी रायतं वाढलं. दिनानाथरावांना इतका आनंद झाला, की पोटात जागा नसताना त्यांनी तेही खाल्लं.

शेवटची बेल रमेशची. त्यांच्या हातात खिरीची वाटी होती आणि चेहऱ्यावर शुभवार्ता. "काका, काल मुलं काय खूश झाली म्हणून सांगू. सकाळीच कमिटीची तातडीची मीटिंग घेतली. तुमची वाडी जाऊ द्यायची नाही. भाडं सोसायटी भरणार. आता दर रविवारी सगळे मिळून सांडोरला. कुणी काय पेरायचं, पाण्याच्या पाळ्या, मुलांसाठी झोपाळा, सगळं ठरवायला समिती नेमलीय. अध्यक्ष तुम्ही." मग आवाज थोडा खाली आणून म्हणाले, "आताच दोघांचं भांडण आलंय. सावलीतला वाफा कुणाला, यावरून. जेवण झालं की एक मिनिट खाली याल का?"

मीराताई म्हणाल्या, "येतील की. मीसुद्धा येणार आहे पुढच्या रविवारी. कोथिंबीर लावायची म्हणते."

सोमवारी सकाळी दिनानाथराव सांडोरला गेले. आलोशियसभाऊ वाडीत कुठे दिसेनात. हाका मारल्यावर लांब, केळी संपतात तिथल्या कुंपणापासून दबका आवाज आला, "कोण आहे? एकटेच आहात ना?"

दिनानाथराव केळी चुकवत तिथे पोहोचले. "आलोशियसभाऊ, एक विनंती आहे. रस्त्यावरून दिसणार नाही असा आणखी एक तुकडा मला द्या. लहान चालेल, दगडाधोंड्याचा चालेल. काही उगवलं नाही तर फारच बरं. फक्त बिल्डिंगमध्ये कुणाला सांगू नका. मीरालाही."

"असा तुकडा वाडीत हा एकच आहे," आलोशियसभाऊ म्हणाले. "पण तो देता येणार नाही."

"का हो?"

"शनिवारी तुमची मंडळी आली, तेव्हापासून इथे मी बसतोय."

दिनानाथरावांनी खाली पाहिलं. केळीच्या वाळल्या पानांवर गोणपाट अंथरलेलं होतं, बाजूला चहाचा थर्मास. आलोशियसभाऊ बाजूला सरकले आणि त्यांनी अर्धं गोणपाट मोकळं केलं.